धाप लागण्याच्या कितीतरी आधी: एम्फिसीमाच्या संशोधनाची पार्श्वभूमी

एम्फिसीमा म्हणजे फुफ्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्यांच्या, वायुकोशांच्या, भिंती फुटत जाण्याचा आजार. त्याचा रुग्ण डॉक्टरांकडे येतो तो जिना चढताना धाप लागायला लागली म्हणून. पण तोवर फुफ्फुसाचा बराच भाग हातचा गेलेला असतो. आपल्या फुफ्फुसांत गरजेपेक्षा कितीतरी जास्त क्षमता राखीव असते, त्यामुळे झीज वर्षानुवर्षे जाणवतच नाही. या आजाराचा अभ्यासही शेवटाकडूनच सुरू झाला. आधी शव, मग धापा टाकणारा माणूस, मग अजून धाप न लागलेला माणूस आणि आता थेट बालपण, असा तो मागे मागे सरकत आला आहे.

१६७९ मध्ये स्विस डॉक्टर बोने यांनी अवाजवी मोठ्या फुफ्फुसांची नोंद केली होती. १७६९ मध्ये इटालियन शरीररचनातज्ज्ञ मोर्गान्यी यांनी हवेने तट्ट फुगलेल्या फुफ्फुसांची १९ उदाहरणे दिली. पण हा स्वतंत्र आजार आहे हे नीट ओळखले ते रने लाएनेक यांनी. १८१६ मध्ये स्टेथोस्कोप शोधणारे हेच ते पॅरिसचे डॉक्टर. छाती उघडली की निरोगी फुफ्फुस आकसते. काही मृतदेहांत मात्र ते तसेच फुगलेले राहते, हे त्यांच्या लक्षात आले. मग त्यांनी अशा फुफ्फुसांत हवा भरली, ती तशीच वाळवली आणि त्यांचे काप काढले. जिथे बारीक वायुकोशांची दाट जाळी हवी, तिथे भिंती फुटून झालेल्या मोठ्या पोकळ्या दिसल्या. हवा आत अडकते याचे कारण बारीक श्वासनलिकांत असावे, हेही त्यांनी तेव्हाच लिहून ठेवले. त्या काळी सिगारेट जवळपास नव्हतीच, हे इथे मुद्दाम सांगावेसे वाटते. पुढे हा आजार ‘सिगारेटवाल्यांचा’ ठरला, त्याआधीही तो होताच.

जिवंत माणसाचा श्वास मोजायची सोय केली इंग्लंडचे डॉक्टर जॉन हचिन्सन यांनी, १८४६ मध्ये. त्यांच्या स्पायरोमीटरमध्ये पाण्यावर उपडे ठेवलेले भांडे फुंकरीने वर उचलले जायचे. दोन हजारांहून जास्त लोकांचा श्वास त्यांनी असा मोजला. पण हे मोजमाप एकूण हवा किती एवढेच सांगायचे, किती वेगाने ते नाही. एम्फिसीमात तर सगळी अडचण वेगाची. पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर येते ते मोजायला हवे, हे १९४७ मध्ये फ्रान्समधील तिफनो आणि पिनेली यांनी दाखवले. म्हणजे मध्ये शंभर वर्षे गेली.

ही चाचणी एकदा जवळून पाहावी. निरोगी तरुण माणूस छातीभर श्वास घेऊन जोरात फुंकतो आणि तीन चतुर्थांशाहून जास्त हवा पहिल्याच सेकंदात बाहेर पडते. एम्फिसीमाचा रुग्ण जीव खाऊन फुंकत राहतो, चेहरा लाल होतो, तरी हवा रेंगाळत येते. ताकद कमी पडते असे नाही. वायुकोशांच्या लवचिक भिंती एरवी बारीक नलिकांना तंबूच्या दोऱ्यांसारख्या चहूबाजूंनी ताणून उघड्या धरतात. भिंती फुटल्या की दोऱ्या तुटतात आणि श्वास सोडताना नळ्या मिटतात. असे रुग्ण ओठांचा चंबू करून श्वास सोडताना दिसतात तेही यामुळेच. बाहेरून थोडा अडथळा आला की आतला दाब टिकतो आणि नळ्या जरा उशिरा मिटतात. बऱ्याच जणांना हे कुणी शिकवलेले नसते.

डिसेंबर १९५२ मधील लंडनच्या विषारी धुक्याने हजारो बळी घेतले आणि छातीच्या जुनाट आजारांकडे सरकारांचे लक्ष गेले. मग अडचण आली व्याख्येची. लंडनच्या एका परिषदेच्या १९५९ मधील अहवालात ठरले, की क्रॉनिक ब्राँकायटिस (श्वासनलिकांचा जुनाट दाह) ओळखायचा खोकला आणि कफावरून, तर एम्फिसीमा फुफ्फुसाच्या रचनेवरून. म्हणजे एक आजार रुग्णाने सांगायचा आणि दुसरा शवविच्छेदकाने! दोन्ही बहुधा एकाच छातीत नांदतात, म्हणून १९६० च्या दशकात दोघांना कवेत घेणारे सीओपीडी (श्वासमार्गात अडथळा आणणारा फुफ्फुसांचा जुनाट आजार) हे नाव रुळू लागले.

भिंती का फुटतात याचा धागा सापडला स्वीडनमधील मालमो इथे. १९६३ मध्ये लॉरेल आणि एरिक्सन हे संशोधक सुमारे १,५०० रक्तनमुन्यांतली प्रथिने विजेने वेगळी करून उमटलेल्या पट्ट्या पाहत होते. त्यांतल्या पाचांमध्ये आल्फा-१ या प्रथिनगटाची रेघच नव्हती आणि त्या पाचांपैकी तिघांना तरुण वयातच फुफ्फुसाचा गंभीर आजार होता. नसलेली रेघ नजरेला पडणे, हे मला या साऱ्या इतिहासातले सर्वात सुंदर निरीक्षण वाटते. लगोलग दुसऱ्या एका प्रयोगात पपईच्या चिकातले पपेन हे प्रथिने तोडणारे विकर उंदरांच्या फुफ्फुसांत सोडले, तर एम्फिसीमा झाला. चित्र जुळले: पांढऱ्या पेशींमधून सुटणारी विकरे फुफ्फुसातले लवचिक धागे खातात आणि त्या हरवलेल्या रेघेतले प्रथिन, आल्फा-१ अँटिट्रिप्सिन, त्यांना आवर घालते. हा आवर जन्मतः कमी असतो किंवा धुरामुळे पांढऱ्या पेशींची गर्दी होते. कसेही असो, तोल जातो.

फ्लेचर आणि पीटो यांनी लंडनमधील ७९२ पुरुषांचा आठ वर्षे पाठपुरावा करून १९७७ मध्ये निष्कर्ष मांडले. धूम्रपान सोडल्यावर गेलेली क्षमता परत येत नाही, पण पुढची घसरण न ओढणाऱ्यांच्या वेगावर येते. रुग्णाला सांगायला याहून मोलाचे वाक्य आजही नाही. उपचारांत १९८१ चा ब्रिटिश अभ्यास मोठा: रक्तातला ऑक्सिजन खूप खालावलेल्या रुग्णांना दिवसाचे किमान १५ तास ऑक्सिजन दिला, तर पाच वर्षांत ४२ पैकी १९ दगावले, न दिलेल्या ४५ पैकी ३०. २००३ मध्ये १,२१८ रुग्णांच्या अमेरिकी चाचणीतून फुफ्फुसाचा निकामी भाग काढण्याची शस्त्रक्रिया नेमकी कुणाला उपयोगी, हेही कळले: वरच्या भागात एम्फिसीमा असलेल्या आणि व्यायामाची क्षमता कमी असलेल्या रुग्णांना.

तरी ‘ओढवून घेतलेला आजार’ हा शिक्का या रुग्णांना फार महाग पडला, असे माझे स्पष्ट मत आहे. लाकूड-शेणीच्या चुलीपुढे आयुष्य घालवलेल्या, कधीही सिगारेट न शिवलेल्या बायकांची फुफ्फुसे कितीतरी उशिरा संशोधकांच्या नजरेत भरली.

२०११ मध्ये सूक्ष्म सीटी स्कॅनने दाखवले, की एम्फिसीमाच्या पोकळ्या दिसण्याआधीच सर्वात बारीक नलिका नाहीशा होऊ लागतात. लाएनेक यांनी बोट ठेवले होते तीच जागा. २०१५ मध्ये आणखी एक धक्का बसला: सीओपीडीच्या जवळपास निम्म्या रुग्णांत घसरण वेगाची नव्हतीच, त्यांची फुफ्फुसे तरुणपणीच पुरेशी वाढलेली नव्हती. गर्भातला धूर, अपुऱ्या दिवसांचा जन्म, लहानपणीचे छातीचे संसर्ग यांचा माग आता त्यासाठीच काढला जात आहे. फुटलेली भिंत पुन्हा उभी करणारे औषध अजून कुणाच्या हाती आलेले नाही.