रिमोटमध्ये सेल, हातात बॅटरी

पुण्यात बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीत ‘रिमोटचे सेल द्या’ म्हटलं की दोन पेन्सिल सेल समोर येतात. ‘बॅटरी द्या’ म्हटलं तर उलट प्रश्न येतो, ‘कसली? इन्व्हर्टरची, गाडीची, की हातातली?’ कारण मराठीत टॉर्चही बॅटरीच. इंग्रज माणूस मात्र त्या एकुलत्या एक पेन्सिल सेललाही बॅटरी म्हणतो. काटेकोर बोलायचं तर इथे बरोबर आपण आहोत, तो नाही.

या शब्दाचं मूळ विजेत नाही, मारहाणीत आहे. लॅटिन ‘बात्तुएरे’ म्हणजे बडवणं; त्यावरून फ्रेंचमधून इंग्रजीत बॅटरी आली. ‘बॅटल’ त्याच घरातला. इंग्लंडच्या कायद्यात कुणाच्या अंगावर बेकायदा हात टाकणं हा आजही ‘बॅटरी’चा गुन्हा आहे. पुढे तटबंदीवर मारा करणाऱ्या तोफांच्या समूहाला बॅटरी म्हणू लागले. आपल्या लष्कराच्या तोफखान्यातही हे नाव चालतं.

तोफांवरून ते विजेवर नेलं बेंजामिन फ्रँकलिननं. 1749 मध्ये त्यानं खिडकीच्या 11 मोठ्या काचा घेतल्या, प्रत्येकीला दोन्ही बाजूंनी शिशाचे पातळ पत्रे चिकटवले आणि काचा रेशमी दोऱ्यांवर उभ्या करून एकमेकींना जोडल्या. सगळ्यांतली वीज एका दमात सोडायची, तोफांच्या सरबत्तीसारखी. याला त्यानं ‘इलेक्ट्रिकल बॅटरी’ म्हटलं. गंमत अशी, की ही आजच्या अर्थानं बॅटरी नव्हतीच. ते होते कपॅसिटर: बाहेरून भरलेली वीज साठवायची आणि क्षणात ओतून मोकळं व्हायचं.

रासायनिक क्रियेतून सतत वाहणारी वीज मिळाली 1800 मध्ये. इटलीच्या व्होल्टानं जस्त आणि चांदीच्या चकत्या एकावर एक रचल्या, मध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेले पुठ्ठे घातले. विजेचा झटका देणाऱ्या टॉर्पेडो माशावरून त्यानं याला ‘कृत्रिम विद्युत अवयव’ असं भारदस्त नाव दिलं. ते कुणाच्याच तोंडी बसलं नाही. फ्रेंचांनी त्याला ढीग म्हटलं (अजूनही ‘पिल’च म्हणतात), इंग्रजांनी फ्रँकलिनचा शब्द चिकटवला.

व्होल्टाला एवढी उतरंड का रचावी लागली? कारण एका जोडीतून मिळणारा व्होल्टेज तिच्यातल्या पदार्थांवर ठरतो. चकती कितीही मोठी केली तरी तो वाढत नाही. वाढवायचा तर जोड्या वाढवायच्या. ही एक जोडी म्हणजे सेल, आणि अनेक सेल मिळून बॅटरी. पेन्सिल सेल 1.5 व्होल्टचा, चौकोनी 9 व्होल्टच्या डबीत असे 6 असतात. गाडीच्या बॅटरीत साधारण 2 व्होल्टचे 6 कप्पे, म्हणून 12. तीन सेलांच्या टॉर्चला बॅटरी म्हणणारे आजोबाही त्या हिशेबानं फारसे चुकत नव्हते.

मोबाईलमध्ये मात्र बहुतेक वेळा एकच लिथियम सेल असतो. म्हणजे तो खरा ‘सेल’. पण दुरुस्तीच्या दुकानात बॅटरीच म्हणा; लक्ष्मी रोडच्या आसपास ‘सेल कुठे आहे?’ विचारलंत तर लोक साड्यांच्या दुकानाकडे बोट दाखवतील.