लॉनला टँकर, गवताला पाऊस पुरे

पुण्यातल्या एखाद्या गृहसंकुलातलं ५०० चौरस मीटरचं लॉन धरा. एप्रिल-मेमध्ये ते हिरवंगार ठेवायचं तर दिवसाला साधारण ५ मिलिमीटर पाणी लागतं. एका चौरस मीटरवर १ मिलिमीटर म्हणजे १ लिटर. तेव्हा रोजचे अडीच हजार लिटर, आणि चार दिवसांत १० हजार लिटरचा टँकर रिकामा. त्याच वेळी जवळच्या टेकडीवर कुसळी, मारवेल, पवन्या ही गवतं एक थेंबही न मागता उभी असतात. वाळलेली, सोनेरी, पण जिवंत.

या बहुवर्षायू गवतांचे वाढीचे कोंब बुडाशी, मातीलगत असतात. पाऊस संपला की वरची पाती वाळतात, कोंब झोपी जातात आणि मृगाच्या सरीनंतर पुन्हा फुटतात. म्हणूनच चरलं, कापलं, वणव्यात होरपळलं तरी गवत परत येतं. शिवाय ऊस आणि मक्याप्रमाणे ही गवतं पानाच्या शिरांभोवतालच्या पेशींत कार्बन डायऑक्साइड एकवटून वापरतात. त्यामुळे पर्णरंध्रं फार उघडावी लागत नाहीत आणि तेवढ्याच वाढीसाठी गहू-भातापेक्षा पाणी बरंच कमी खर्च होतं.

गंमत अशी, की लॉनमधली हरळीही याच गटातली. म्हणजे दोष गवताचा नाहीच. मे महिन्यात हिरवं दिसावं हा हट्ट आपला, आणि सतत बुटकं कापून मुळं उथळ ठेवणारेही आपणच. मुलांना खेळायला हरळीचा एक तुकडा जरूर ठेवा. बाकीची जागा, विशेषतः कोणी पाय ठेवत नाही ते उतार आणि कडेच्या पट्ट्या, उंच देशी गवतांना द्याव्यात असं माझं मत आहे.

उतारासाठी वाळ्याला तोड नाही. त्याची मुळं आडवी न पसरता सरळ खाली जातात, मऊ जमिनीत ३ मीटरपर्यंत किंवा त्याहूनही खोल. समपातळीत एका ओळीत १०-१५ सेंटिमीटरवर ठोंब लावले की दाट कुंपण तयार होतं. वाहत येणारं पाणी तिथे अडून पसरतं, गाळ मागे साचतो, आणि साचलेल्या गाळातूनही वाळा वर येत राहतो. लागवडीतल्या दक्षिण भारतीय वाळ्याला रुजणारं बी जवळजवळ धरत नाही, त्यामुळे तो तण म्हणून पसरायची भीती नाही.

ही खात्री प्रत्येक शोभेच्या गवताबद्दल देता येत नाही. फाउंटन ग्रास मूळचं आफ्रिका आणि पश्चिम आशियातलं. हवाई बेटांवर ते बागांतून सुटलं आणि वणव्यांना इंधन बनलं. युरोपियन युनियनने २०१७ मध्ये त्याला आक्रमक प्रजातींच्या यादीत टाकलं. जांभळ्या पात्यांचा प्रकार सहसा बी धरत नाही, तो त्यातल्या त्यात बरा. पण दारात मारवेल असताना तोही कशाला?

मुरमाड जागेत कुसळी छान येते. तिच्या बियांची कुसळं ओल लागली की उलगडतात, वाळली की पिळतात आणि बी स्क्रूसारखं मातीत घुसवतात. तेच कुसळ मोज्यात आणि कुत्र्यांच्या केसांतही घुसतं, म्हणून पायवाटेपासून ती लांबच बरी. दाण्यांवर मुनिया येतात. उंच पात्यांच्या पट्ट्या फाडून न्यायला सुगरण येते.

आगीचा धोका खरा आहे. बी झडून गेल्यावर, जानेवारी-फेब्रुवारीत, बुडापासून वीतभर ठेवून गवत कापावं आणि इमारतीलगत, पार्किंगजवळ मोकळा पट्टा राखावा. कापलेलं गवत झाडांच्या आळ्यांत आच्छादन म्हणून उपयोगी पडतं.

रोपवाटिकांत ही गवतं क्वचितच मिळतात. कुसळीचं ताजं बी काही महिने सुप्त असतं, तेव्हा हिवाळ्यात गोळा करून कोरडं ठेवावं आणि पुढच्या जूनमध्ये पेरावं. मारवेलला थांबायची गरज नाही. चारा लावणाऱ्या शेतकऱ्याकडून ठोंब आणावेत आणि पहिला चांगला पाऊस झाला की लावून टाकावेत. काळ्या जमिनीतही ते जीव धरतात.