मागच्या खोलीत वायफाय का पोचत नाही?

फायबरची केबल समोरच्या दारातून घरात येते आणि जिथे संपते तिथेच राउटर ठोकला जातो. विदर्भात गावाकडे ती जागा बहुतेकदा सपरी, म्हणजे पुढची ओसरी असते. मग सपरीत नेट पळतं आणि स्वयंपाकघरात नुसतं गोल फिरत राहतं. अशा वेळी महागडा प्लॅन घेऊन काही होत नाही. लहरींच्या वाटेत काय उभं आहे, ते आधी पाहावं.

वायफाय म्हणजे रेडिओलहरी. घरगुती राउटर सहसा २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांवर चालतो. पहिल्या पट्ट्यातल्या लहरीची लांबी साधारण १२.५ सेंटीमीटर, दुसऱ्यातलीची ६. लांब लहर भिंतीतून त्यातल्या त्यात सुखरूप पार होते, आखूड लहरीवर नेट वेगवान असलं तरी ती लवकर दमते. मोकळ्या अंगणातसुद्धा अंतर दुप्पट झालं की ताकद चौथ्या हिश्श्यावर येते. शिवाय बोलणं दोन्ही बाजूंनी असतं. राउटरचा आवाज फोनला ऐकू आला, पण फोनचा क्षीण आवाज राउटरपर्यंत गेला नाही, तरी पान उघडत नाही.

आता आपलं घर पाहा. मातीची जाड भिंत लहर शोषते, आणि पावसाळ्यात ओल धरली की जास्तच शोषते. टिन तर लहर सरळ परतवतं. दाराला मच्छरांसाठी लावलेली लोखंडी जाळीसुद्धा तिला जवळजवळ भिंतच, कारण जाळीची भोकं लहरीच्या लांबीपुढे फारच बारीक असतात. आणि उन्हाळ्यातला कूलर! पत्र्याचं अंग, आत टाकीभर पाणी, आणि बसवलेला नेमका खिडकीत, म्हणजे लहरींना बाहेर पडायला जी एक मोकळी वाट होती तिथेच. खिडकीतून अंगणात येणारं नेट मे महिन्यात मंदावलं, तर माझा पहिला संशय कूलरवर जाईल.

म्हणून राउटर मधल्या खोलीत, डोक्याच्या वर, लोखंडी कपाटापासून दूर आणि टिनाच्या छपरापासून बराच खाली असावा. टिन उन्हात तापतं, ती धग राउटरला सोसत नाही. केबल आत वाढवून घेताना कोपऱ्यात काटकोनात मुडपू देऊ नका. काचेचा तंतू फार वाकला की प्रकाश बाहेर झिरपतो.

शहरातला सल्ला गावात जसाच्या तसा घेऊ नये. २.४ चा पट्टा भारतात २००५ पासून परवान्याविना खुला आहे, त्यामुळे शहरातल्या इमारतींत त्यावर गर्दी असते, आणि एकमेकांवर न चढणारे चॅनेल, म्हणजे पट्ट्यातले छोटे भाग, त्यात जेमतेम तीन: १, ६ आणि ११. म्हणून तिथले लोक ५ कडे वळतात. गावात घरं विरळ, पट्टा मोकळा. आडव्यातिडव्या भिंतींच्या घरात २.४ च कामाचा.

अंगणापलीकडच्या गुरांच्या कोठ्यापर्यंत किंवा भावाच्या घरापर्यंत नेट न्यायचं असेल, तर स्वस्त रिपीटरपेक्षा राउटरपासून लॅनची, म्हणजे नेटची तांब्याची केबल ओढा. साध्या रिपीटरला त्याच चॅनेलवर ऐकायचं आणि तेच पुन्हा बोलायचं असतं, त्यात वेग निम्मा होतो. लॅन केबल १०० मीटरपर्यंत वेग टिकवते. तिच्या टोकाला जुना राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे तिथे वायफाय पसरवण्यापुरता, लावता येतो.

राहिला प्रश्न लाइन जाण्याचा. बरेच राउटर १२ व्होल्टवर चालतात आणि त्यांना जेमतेम १ अँपिअर लागतो, तेवढ्याला छोटा मिनी यूपीएस, म्हणजे लाइन गेली की चालणारा बॅटरीचा डबा, पुरतो. तो घेताना अडॅप्टरवर लिहिलेले आकडे जुळवून पाहा. फायबर सहसा घरापर्यंत विजेशिवायच येतो, म्हणून पलीकडच्या केंद्रात बॅटरी असेल तर गाव अंधारात असतानाही नेट सुरू राहतं. आभाळ कडाडायला लागलं की यूपीएसची पिन बोर्डातून काढून ठेवा, राउटर बॅटरीवर चालेल. काचेतून वीज वाहत नाही, मात्र काही केबलींना आधाराची पोलादी तार असते. ती घराबाहेरच हुकाला संपवायला केबल जोडणाऱ्याला सांगा.