हैतीचे दैन्य आणि त्याचे देव

१२ जानेवारी २०१० रोजी कॅरिबियन समुद्रातल्या हैती या देशाची राजधानी पोर्तोप्रान्स भूकंपाने जमीनदोस्त झाली. मुख्य कॅथेड्रल कोसळले, आर्चबिशपही दगावले. ढिगारे उपसणे सुरू असतानाच एका अमेरिकी धर्मोपदेशकाने टीव्हीवर सांगितले की, या लोकांच्या पूर्वजांनी सैतानाशी करार केला होता. हा आरोप जुना आहे आणि साफ खोटा आहे. हैती कंगाल कसा झाला, याची नोंद सरकारी कागदांत आहे.

'करार' म्हणतात तो ऑगस्ट १७९१ मधला. हैती तेव्हा फ्रान्सची वसाहत होती. ऊस आणि कॉफीच्या मळ्यांवर राबणारे गुलाम बवा काइमानच्या रानात रात्री जमले, डुकराचा बळी देऊन त्यांनी शपथ घेतली, अशी परंपरा आहे. काही दिवसांतच मळे पेटले. १ जानेवारी १८०४ रोजी नेपोलियनच्या फौजेला हरवून हैती स्वतंत्र झाला.

त्याची किंमत १८२५ मध्ये वसूल झाली. फ्रान्सचा राजा दहाव्या चार्ल्सने युद्धनौका पाठवल्या आणि स्वातंत्र्याला मान्यता देण्याच्या बदल्यात १५ कोटी फ्रँक मागितले, तेही मळे व गुलाम गमावलेल्या मालकांच्या भरपाईसाठी! म्हणजे सुटलेल्या माणसांनी स्वतःचीच किंमत मोजायची. पहिला हप्ता भरायलाही फ्रेंच बँकांचेच कर्ज काढावे लागले. १८३८ मध्ये रक्कम कमी झाली, तरी त्यातून वाढत गेलेली देणी १९४७ पर्यंत फिटली नाहीत. शाळा, रस्ते, दवाखाने यांचा पैसा कॉफीवरच्या करातून पॅरिसला गेला. १९१५ ते १९३४ अमेरिकी सैन्याने देश ताब्यात ठेवला, तेव्हा तिजोरीही त्यांच्याच हाती होती.

या साऱ्या काळात खेड्यातल्या माणसाला आधार होता तो वोदूचा, म्हणजे आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांनी जपलेल्या धर्माचा. देवळाच्या मधोमध खांब असतो. त्याच्याभोवती पुजारी मक्याचे पीठ चिमटीतून सोडत, आपल्या रांगोळीसारखीच, देवतेची आकृती काढतो. त्याच खांबावरून देवता उतरतात, अशी श्रद्धा. १६८५ च्या फ्रेंच कायद्याने गुलामांना बाप्तिस्मा सक्तीचा होता, म्हणून संत पॅट्रिकच्या तसबिरीत सर्पदेव दांबाला पुजला गेला. स्वतंत्र हैतीच्या राज्यकर्त्यांनीही १८३५ मध्ये वोदूवर बंदी घातली आणि १९४१-४२ मध्ये चर्चने सरकारच्या मदतीने ढोल-मूर्ती जाळल्या. गरिबांच्या देवांना इतकी वर्षे स्वदेशीच सत्तेने छळावे, हे मला सर्वांत जास्त सलते.

चर्चची दुसरी बाजूही आहे. १९८३ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे हैतीत येऊन 'इथे काहीतरी बदललेच पाहिजे' असे बोलले. तीन वर्षांनी दुवालिए घराण्याची हुकूमशाही संपली, त्यात गरीब वस्त्यांतल्या पाद्र्यांचा वाटा मोठा होता. त्यांच्यातलेच आरिस्तिद १९९० मध्ये राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले. पुढल्या वर्षी लष्कराने त्यांना हाकलले, पण ते पुन्हा सत्तेवर आले आणि २००३ मध्ये त्यांच्याच सरकारने वोदूला धर्म म्हणून अधिकृत मान्यता दिली.