खोट्या पॉझिटिव्हमधून निघालेली तपासणी

निपाणी, चिकोडी, खानापूर भागात एखादीचं दोन-तीनदा पोट पडलं की अजून आधी अंगारे-धुपारे होतात, सौंदत्तीच्या यल्लम्माला नवस बोलला जातो आणि मग बेळगाव, मिरज नाहीतर कोल्हापूर गाठलं जातं. तिथे लिहून मिळणाऱ्या तपासण्यांत, शरीराने स्वतःच्याच विरुद्ध बनवलेली प्रतिपिंडं शोधणारी तीन नावं बहुधा असतात: ल्युपस अँटिकोअ‍ॅग्युलंट, अँटिकार्डिओलिपिन आणि अँटि-बीटा-टू ग्लायकोप्रोटीन-वन. यांचं मूळ मात्र गर्भपाताशी नाही, उपदंशाशी (सिफिलिसशी) जाऊन भिडतं.

उपदंशासाठी वासरमान यांची रक्तचाचणी 1906 मध्ये आली. तिच्यातला कळीचा घटक, कार्डिओलिपिन, मेरी पँगबॉर्न यांनी 1941 मध्ये बैलाच्या हृदयातून वेगळा काढला. उपदंशाच्या आजच्या व्हीडीआरएल चाचणीतही तोच असतो. पुढे या चाचण्या सरसकट होऊ लागल्या तेव्हा उपदंशाचा लवलेश नसलेली माणसंही पॉझिटिव्ह निघाली, आणि त्यांतल्या काहींना नंतर ल्युपस, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटण्याचा आजार, झाल्याचं दिसलं. गरोदरपणात व्हीडीआरएल आजही होते. असा खोटा पॉझिटिव्ह कागद घरी पोचला तर सासरी काय काय ऐकून घ्यावं लागेल, हे सांगायला नको. टीपीएचए ही उपदंशाची पक्की चाचणी करून खात्री झाल्याशिवाय कुणी शिक्का मारू नये.

दुसरा धागा 1952 चा. कॉनली आणि हार्टमन यांना ल्युपसच्या दोन रुग्णांचं रक्त नळीत उशिरा गोठताना दिसलं. अशांना रक्तस्राव होईल, असंच कुणालाही वाटेल. पण 1963 मध्ये उलटंच नोंदलं गेलं, यांच्या शिरांत गुठळ्या होत होत्या. नळीत ही प्रतिपिंडं गोठण्याला लागणारे फॉस्फोलिपिड नावाचे स्निग्ध घटक अडवून बसतात. शरीरात मात्र रक्तवाहिन्यांचं अस्तर आणि प्लेटलेट्स यांना चिथावतात. हे पकडायला 1986 पासून चक्क घोणशीचं विष वापरतात. उसाच्या फडात जिच्या नावाने अंगावर काटा येतो, तिचंच विष अगदी विरळ करून प्लाझ्मात घालायचं आणि गोठायला किती सेकंद लागतात ते मोजायचं.

लंडनच्या ग्रॅहम ह्यूज यांच्या गटाने 1983 मध्ये गुठळ्या, गर्भपात आणि ही प्रतिपिंडं एका सूत्रात आणली, अँटिकार्डिओलिपिन मोजायची पद्धतही दिली. यात बीटा-टू ग्लायकोप्रोटीन-वन या रक्तातल्या प्रथिनाचा वाटा काय, ते 1990 मध्ये उलगडलं. या आजाराच्या, म्हणजे अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोमच्या, 2006 च्या निकषांनी तपासणी किमान 12 आठवड्यांनी पुन्हा करायला सांगितलं, कारण संसर्गानंतरही ती तात्पुरती पॉझिटिव्ह येते. एका रिपोर्टवर आयुष्यभराचं निदान चिकटवणं म्हणजे अर्धवट काम.

नमुन्याची हेळसांड हा वेगळाच घोळ. ल्युपस अँटिकोअ‍ॅग्युलंटचं रक्त सायट्रेटच्या निळ्या टोपणाच्या नळीत घेऊन, सेंट्रिफ्यूज यंत्रात दोनदा फिरवून, प्लेटलेट्स काढलेला प्लाझ्मा गोठवून पाठवावा लागतो. तालुक्याहून नळी तशीच पिशवीत घालून बसने धाडली, किंवा हेपरिन (रक्त गोठू न देणारं इंजेक्शन) चालू असताना रक्त काढलं, तर आलेल्या आकड्याचा भरवसा नाही.

उपचाराची बाजू 1997 च्या लंडनमधल्या रुग्णांवरच्या एका अभ्यासाने भक्कम केली: नुसत्या अ‍ॅस्पिरिनवर 42 टक्के गरोदरपणांत जिवंत बाळ हाती आलं, सोबत हेपरिन दिल्यावर 71 टक्के. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, बेळगावचाही सहभाग असलेल्या आंतरराष्ट्रीय अभ्यासातही अ‍ॅस्पिरिनच होतं; पण तो पहिलटकरणींची मुदतपूर्व प्रसूती टाळण्यासाठी होता. त्याचा हवाला देऊन वारंवार पोट पडणाऱ्या बाईला फक्त गोळीवर ठेवणं चुकीचं.