मावशीने फक्त फुगे वाचले

मावशीला मी एकदा एक जाडजूड ग्राफिक नॉव्हेल, म्हणजे चित्रांच्या चौकटींतून सांगितलेली कादंबरी, वाचायला दिलं. मावशी पट्टीची वाचक, ग्रंथालयातून आणलेल्या कादंबऱ्यांचा आठवड्याभरात फडशा पाडणारी. हे पुस्तक अर्ध्या तासात परत आलं. "संपलं. यात वाचायला आहेच काय रे?" खोदून विचारल्यावर कळलं, की तिने फक्त पात्रांच्या बोलण्याच्या फुग्यांतली वाक्यं वाचली होती. चित्रं तिच्या लेखी नुसती सजावट. आणि हीच मावशी १९९१ साली 'सकाळ'मध्ये सुरू झालेला 'चिंटू' वर्षानुवर्षं पहिल्या पानावरच्या बातम्यांआधी वाचत आली आहे! म्हणजे मोठ्या माणसांना चित्रकथा आवडत नाहीत, हे काही खरं नाही. चहाच्या कपासोबत तीन-चार चौकटी सगळ्यांना चालतात. गाडी अडते ती दोनशे पानांवर.

मोठ्यांनी जाडजूड चित्रकथा वाचाव्यात का, हा प्रश्न जपानमध्ये कुणाला पडायचा नाही. तिथे प्रौढ पुरुषांसाठीचा मांगा (म्हणजे जपानी चित्रकथा) 'सेइनेन' आणि प्रौढ स्त्रियांसाठीचा 'जोसेई' असे सरळ वेगळे विभागच आहेत. 'कॉमिक्स म्हणजे पोरखेळ' हा शिक्का बसायला अमेरिकेतल्या घडामोडींनी बराच हातभार लावला. १९५४ साली फ्रेडरिक वर्थम या मनोविकारतज्ज्ञाने कॉमिक्समुळे मुलं बिघडतात असं सांगणारं पुस्तक लिहिलं. त्याच वर्षी घाबरलेल्या प्रकाशकांनी स्वतःवरच एक आचारसंहिता लादून घेतली आणि मोठ्यांना रस वाटावा असं बरंचसं त्यातून गळून पडलं. पुढे कॅरल टिली या संशोधिकेने वर्थमची मूळ कागदपत्रं तपासली आणि त्याने मुलांच्या मुलाखतींमध्ये सोयीस्कर फेरफार केल्याचं २०१२ साली दाखवून दिलं. पण तोवर अर्धशतक उलटून गेलं होतं.

आता मावशीच्या डोळ्यांकडे वळू. हात लांब करून अंगठ्याचं नख पाहा. आपल्याला खरोखर स्पष्ट दिसतं ते साधारण तेवढंच, दृष्टिक्षेत्राचे जेमतेम दोन अंश. बाकी सगळं धूसर. म्हणून डोळा सेकंदाला तीन-चार उड्या मारत पानावरून फिरतो. कादंबरीत त्याची वाट आखलेली असते, ओळीमागून ओळ. चित्रकथेत मात्र पान उलटताक्षणी अख्खं पान धूसर का होईना, समोर येतं आणि कुठे किती थांबायचं ते वाचकालाच ठरवावं लागतं. जपानी मानसशास्त्रज्ञ जुन नाकाझावा यांच्या निरीक्षणांत मांगा वाचण्यात मुरलेल्यांची नजर पानावरून सफाईने सरकत होती. मधल्या चौकटी-फुगे ते बिनदिक्कत सोडूनही देत आणि तरी गोष्ट त्यांच्या जास्त लक्षात राहत होती. नवख्यांची नजर अडखळत आणि मजकुराला चिकटून राही. मावशीचं अगदी हेच झालं होतं.

दुसरी गोष्ट चौकटींच्या मधल्या रिकाम्या पट्टीची. कॉमिक्सवाले तिला 'गटर' म्हणतात. मराठी कानाला हा शब्द काही फारसा रुचणार नाही, पण चित्रकथेची सगळी गंमत त्या गटारातच आहे. समजा, पहिल्या चौकटीत गॅसवर दुधाचं पातेलं आहे आणि बाई खिडकीशी फोनवर बोलतेय. दुसऱ्या चौकटीत फोन जमिनीवर आणि बाई ओट्याकडे धावतेय. दूध उतू गेलेलं कुठेच काढलेलं नाही. ते तुमच्या मनात उतू गेलं. मानसशास्त्रज्ञ जोसेफ मॅग्लियानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शब्दांविना असलेल्या चित्रगोष्टींमधून नेमकं असं मधलं चित्र काढून टाकून पाहिलं. त्यापुढच्या चित्रावर वाचक जास्त वेळ थांबले. गाळलेली जागा भरायला मेंदूला खरोखर वेळ लागतो आणि तो मोजता येतो.

मेंदूच्या विद्युतलहरीही हेच सांगतात. वाक्यात अर्थाशी न जुळणारा शब्द आला, की सुमारे ४०० मिलिसेकंदांनी मेंदूत एक ऋण लहर उमटते. तिला 'एन-४००' म्हणतात आणि ती १९८० पासून माहीत आहे. चित्रकथांचं आकलन अभ्यासणारे संशोधक नील कोन आणि त्यांच्या गटाने २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात 'पीनट्स' या स्नूपी कुत्र्याच्या प्रसिद्ध मालिकेच्या चित्रपट्ट्या घेऊन काहींच्या चौकटी विस्कटल्या. विस्कटलेल्या पट्ट्यांवर ही लहर मोठी उमटली. नीट लावलेल्या पट्टीत मात्र गोष्ट जसजशी पुढे सरके तसतशी ती ओसरत गेली, जणू वाक्याचा अर्थ लागत चाललाय. चित्रांच्या रांगेलाही एक प्रकारचं व्याकरण असतं, असं कोन यांचं म्हणणं. या प्रयोगात रचनेशी जोडलेला मेंदूचा आणखी एक प्रतिसादही दिसला आणि ज्यांचा कॉमिक्स वाचनाचा सराव दांडगा, त्यांच्यात तो अधिक ठळक होता.

'मला यात मजा येत नाही' असं मोठं माणूस म्हणतं, तेव्हा म्हणूनच मी त्याच्या आवडीवर शंका घेत नाही, सरावावर घेतो. मोडी वाचता न येणाऱ्याला बखरीत काय रस येणार?

विषय पोरकट असतात म्हणावं, तर 'माउस' या ग्राफिक नॉव्हेलमध्ये ज्यूंच्या संहाराची कथा उंदीर-मांजरांच्या रूपात आहे. १९९२ साली तिला विशेष पुलित्झर मिळालं. आपल्या जवळचं उदाहरण 'भीमायन'चं. डॉ. आंबेडकरांच्या आयुष्यावरचं हे पुस्तक मध्य प्रदेशातल्या दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड कलावंतांनी रंगवलं. त्यांनी सरळ रेषेच्या चौकटी टाळल्याच. पानं विभागणारे पट्टे गोंडांच्या भिंतीवरच्या 'दिग्णा' या पारंपरिक नक्षीसारखे वळणदार आहेत. १९०१ साली वडिलांना भेटायला निघालेल्या छोट्या भीमाला वाटेत कुणी पाणी देत नाही, तो प्रसंग त्यात आहे. आगगाडी इथे साप होऊन येते.

मावशीला दुसऱ्या खेपेला मी हेच दिलं. इंग्रजी आहे म्हणून आधी कुरकुरली. फुगे वाचतच सुरुवात केली आणि काही पानांनी थबकली. "या फुग्याला विंचवाची नांगी का काढलीय रे?" मी उत्तर दिलं नाही. ती चष्मा सावरून मागे गेली आणि कुणाच्या बोलण्याचा फुगा पक्ष्यासारखा आहे आणि कुणाच्या बोलण्याला नांगी आहे, ते एकेक पान पालथं घालत पाहू लागली.