यंत्रमानवाच्या सांध्यातली मोटर

कारखान्यातला यंत्रमानव दहा किलोचा सुटा भाग उचलून हवेत स्थिर धरतो, तेव्हा पाहणाऱ्याला वाटते की या क्षणी तो काहीच करत नाही. प्रत्यक्षात त्याच्या खांद्यातल्या आणि कोपरातल्या मोटरी फिरत नसल्या तरी त्यांच्या तारांतून वीज वाहत असते, त्या तापत असतात आणि वजन खाली येऊ पाहते तितक्याच जोराने त्याला वर रेटत असतात. विहिरीवरच्या पंपाची मोटर अशी जाम झाली, तर ती नेहमीच्या पाच-सहा पट वीज ओढू लागते आणि स्टार्टरने वेळीच तोडले नाही तर वाइंडिंग, म्हणजे आतले तारेचे वेटोळे, जळते. दोन्हींच्या मुळाशी तत्त्व एकच आहे. चुंबकाजवळच्या तारेतून वीज गेली की तारेवर बल येते, आणि त्या बलाने तार चुंबकाभोवती फिरवता येते, हे मायकेल फॅरडे यांनी 1821 मध्येच दाखवले होते. फरक आहे तो मोटरीला वीज कोण आणि कशी देते यात.

पंपाच्या मोटरीला वीज थेट तारांवरून मिळते. तीन फेजमुळे तिच्या आत फिरते चुंबकीय क्षेत्र तयार होते आणि रोटर, म्हणजे मोटरीचा फिरणारा भाग, त्याच्या मागे जवळजवळ त्याच वेगाने, म्हणजे मिनिटाला साधारण 1440 फेऱ्यांनी, धावत सुटतो. किती वेगाने फिरायचे हे वीजपुरवठ्याची 50 हर्ट्झ वारंवारिता ठरवते. मोटरीला त्यात काही म्हणणे नसते. ‘सव्वा सात अंश फीर आणि थांब’ असे तिला सांगताच येत नाही.

यंत्रमानवाच्या सांध्यातली सर्वो मोटर मात्र हेच ऐकते. तिच्या रोटरवर निओडिमियमचे कायम चुंबक असतात आणि बाहेरच्या स्टेटरवर, म्हणजे न फिरणाऱ्या भागावर, तीन वाइंडिंगे. आता जात्याचा विचार करावा. खुंट्याला मधल्या खिळीच्या दिशेने कितीही रेटले तरी जाते हलत नाही. जोर आडवा, फिरण्याच्या दिशेने लावला तरच पाळू फिरते, आणि पाळू फिरेल तसा हातही जोराची दिशा बदलत राहतो. रोटरच्या चुंबकाशीही स्टेटरचे क्षेत्र असेच काटकोनात राहावे लागते. रोटर जागचा हलला की हा काटकोन मोडतो, म्हणून तिन्ही वाइंडिंगांतली वीज क्षणोक्षणी नव्याने वाटून द्यावी लागते. त्यासाठी रोटर या घडीला नेमका कुठे आहे, हे कळणे अपरिहार्य ठरते.

ते सांगतो मोटरीच्या शेपटाला बसवलेला एन्कोडर. वीस बिटांचा एन्कोडर एका फेरीचे 10,48,576 भाग करतो, म्हणजे एकेक भाग अंशाच्या जवळपास तीन हजाराव्या हिश्श्याएवढा होतो. हे आकडे ड्राइव्हकडे, म्हणजे मोटरीला वीज वाटून देणाऱ्या इलेक्ट्रॉनिक पेटीकडे, जातात. ड्राइव्ह 415 व्होल्टची एसी वीज आधी डीसी करतो आणि मग अर्धवाहक स्विचेसनी तिचे तुकडे पाडून हवी तेवढीच वीज हव्या त्या वाइंडिंगला देतो. मोठ्या ड्राइव्हमधला असा स्विच म्हणजे आयजीबीटी (इन्सुलेटेड गेट बायपोलर ट्रान्झिस्टर). चेन्नईत जन्मलेल्या बी. जयंत बालिगा यांनी अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिकमध्ये काम करताना त्याच्या विकासात मोलाचा वाटा उचलला. हे स्विच सेकंदाला काही हजार वेळा उघडझाप करतात. यंत्र सुरू करताना सांधा धरून ठेवणारा ब्रेक ‘खट्’ करून सुटतो आणि मागोमाग जी बारीक शीळ ऐकू येते, ती याच उघडझापीची.

तरी एवढ्याने काम भागत नाही, कारण मोटर वेगात तरबेज असते, जोरात नव्हे. म्हणून मोटर आणि सांधा यांच्यामध्ये गिअरबॉक्स असतो. त्याची एक रचना फार देखणी आहे. तिच्यात 202 दात्यांच्या ताठ कड्याच्या आत 200 दात्यांचा लवचीक पोलादी पेला बसवलेला असतो आणि मोटर त्या पेल्याला आतून लंबगोल दाबत फिरते. एका फेरीत पेला फक्त दोन दात्यांनी मागे सरकतो. म्हणजे मोटरीच्या शंभर फेऱ्यांत सांधा एकदा फिरतो आणि घर्षणात जाणारा थोडा भाग सोडला तर जोर जवळपास शंभरपट होतो.

1961 मध्ये अमेरिकेतल्या जनरल मोटर्सच्या कारखान्यात रुजू झालेला युनिमेट हा पहिला औद्योगिक यंत्रमानव तेलाच्या दाबावर चालत असे. स्वीडनच्या आसेआ कंपनीने 1974 मध्ये आणलेला सहा किलो उचलणारा आयआरबी 6 विजेच्या मोटरींवर आणि मायक्रोप्रोसेसरवर चालू लागला. तेल गळते, विजेची तार गळत नाही. कारखान्यांना हा एक फायदासुद्धा थोडा नव्हता.

गिअरच्या शंभरपटीची एक किंमत मात्र मोजावी लागते. हात बळकट होतो, पण बधिरही होतो: पंज्याला कशाचा हलका धक्का लागला तर तो गिअरच्या घर्षणात विरून जातो आणि मोटरीपर्यंत पोचतच नाही. पायांवर चालणाऱ्या यंत्रांना हे परवडत नाही. म्हणून अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रविद्यापीठाच्या नऊ किलोच्या मिनी चीता या चौपायी यंत्रात बारा मोटरी आणि फक्त सहास एक प्रमाणाचे गिअर वापरले गेले. कमी पटीमुळे पाय जमिनीला टेकल्याचा धक्का उलट्या वाटेने मोटरीपर्यंत येतो, आणि मोटरीचा जोर तिच्यातल्या विजेच्या प्रमाणातच असल्यामुळे ती वीज मोजत राहणाऱ्या ड्राइव्हला पाय किती दाबला गेला याचा अंदाज तळव्यात वेगळा संवेदक न बसवताही येतो.